इंटर ते सीईटी : सातारा-सांगलीतला रसायनशास्त्राचा अभ्यास

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मॅट्रिकनंतरच्या रसायनशास्त्राच्या परीक्षेची नावे बदलत गेली. आधी ती इंटर सायन्स होती, मग प्री-डिग्री झाली, मग बारावी. आता बारावीच्या जोडीला सीईटी आणि नीट आहेत. नावाबरोबर तयारीची जागाही बदलली. प्रयोगशाळेच्या ओट्यावरून ती वहीत आली आणि वहीतून चार पर्यायांपैकी एकाची निवड करण्यावर येऊन ठेपली. या बदलात रसायनशास्त्रात लागलेल्या नव्या शोधांचा वाटा थोडा आहे. परीक्षेतल्या गुणांनी कोणत्या कॉलेजचे दार उघडते, यावरच अभ्यासाची रीत बहुतेक वेळा ठरली.

एकोणिसाव्या शतकात या भागातल्या मुलाला मॅट्रिकपुढे शास्त्र शिकायचे तर गाव सोडावे लागे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि मॅट्रिकपासूनच्या परीक्षा त्याच्या हाती होत्या. कोल्हापूरला १८८० पासून राजाराम कॉलेज होते, पुण्याला १८८५ पासून फर्ग्युसन. राजाराम कॉलेजात शास्त्रे शिकवणाऱ्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी मराठीत शास्त्रीय पुस्तकांची रांगच लावली, त्यांत रसायनशास्त्रही होते. पण विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीत असल्याने ही पुस्तके कुतूहलाने वाचणाऱ्यांची राहिली, परीक्षार्थींची झाली नाहीत. मराठीत रसायनशास्त्र समजून घेणारा वेगळा आणि इंग्रजीत त्याची परीक्षा देणारा वेगळा, ही फारकत पुढे शंभर वर्षे टिकली.

१९१९ हे साल या भागाच्या शिक्षणात दोनदा येते. त्या वर्षी जूनमध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगली आणि मिरजेच्या मधोमध, विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेज सुरू केले. आसपासच्या संस्थानांतली मराठी मुले आणि बेळगावकडची कानडी मुले तिथे एका वर्गात बसत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. विलिंग्डन मॅट्रिक होऊन आलेल्यांसाठी होते. रयतेची धडपड मुलगा मॅट्रिकपर्यंत पोचावा यासाठी होती. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली, शाहू बोर्डिंग उभे राहिले, आणि सर्व जातींची खेड्यातली मुले एका पंगतीला जेवून शाळेला जाऊ लागली. रसायनशास्त्राच्या इतिहासात बोर्डिंगचे काय काम, असे वाटेल. पण विज्ञान शाखेचा दिवस लांब असतो, सकाळी तास आणि दुपारी प्रॅक्टिकल, आणि रोज आठ-दहा मैल चालत येणाऱ्या मुलाला तो झेपत नाही. जेवायची आणि झोपायची सोय झाल्याशिवाय या जिल्ह्यात विज्ञानाचा वर्ग भरणे अवघडच होते.

स्वातंत्र्याच्या वर्षी दोन्ही प्रवाह पुढे सरकले. जून १९४७ मध्ये रयतेने साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुले सकाळी कुदळ-फावडे धरत आणि नंतर वर्गात बसत. त्याच वर्षी धोंडुमामा साठे यांच्या खटपटीने सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. १९५५ पासून ते वालचंद कॉलेज म्हणून ओळखले जाते. १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज आले. मधल्या काळात जिल्ह्याचीच वाटणी झाली होती. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याच १९६० साली कऱ्हाडला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आले, १९६२ साली मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास घरांना मिळू लागलेल्या ईबीसी सवलतीने फीचा प्रश्न बऱ्याच घरांपुरता सुटला.

याचा अर्थ असा की साठच्या दशकात कृष्णाकाठच्या मुलाला डॉक्टर किंवा इंजिनिअर होण्यासाठी दोन जिल्ह्यांबाहेर जायची गरज उरली नव्हती. पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा मार्ग अगदी हाच होता. साताऱ्यात शाळा, सांगलीला विलिंग्डन, आणि तिथून मिरजेला एमबीबीएस. या मार्गावरचा नाका म्हणजे इंटर सायन्सची परीक्षा, आणि तिच्यात फिजिक्स, केमिस्ट्री हे विषय सगळ्यांना, मग पुढे गणिताचा गट असो की जीवशास्त्राचा. परीक्षा घेणारे विद्यापीठ मात्र बदलत राहिले. आधी मुंबई, १९४८ नंतर पुणे, आणि १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते. शिवाजी विद्यापीठाच्या काळात अकरावी एसएससीनंतरच्या वर्षाला प्री-डिग्री म्हणत, मुलांच्या तोंडी नुसते ‘पी.डी.’

या काळातल्या तयारीत प्रॅक्टिकलचा दरारा होता. लेखी पेपर पाठांतरावर निभावता येई. सॉल्ट ॲनालिसिसला पाठांतर अर्धेच कामाला येई. परीक्षेत प्रत्येकाला नंबर घातलेली पुडी किंवा बाटली मिळे आणि आतले सॉल्ट कोणते हे चाचण्या करून ओळखायचे असे. पहिली चाचणी डोळ्यांची. निळे दिसले तर तांबे, फिकट हिरवे तर फेरस किंवा निकेल, गुलाबी झाक असेल तर कोबाल्ट किंवा मँगनीज. पांढरे निघाले की मुलाचे तोंडही पांढरे पडे, कारण पांढऱ्या सॉल्टांची यादी सर्वांत लांब. मग कोरड्या परीक्षानळीत तापवून पाहायचे. गरम असताना पिवळे आणि गार झाल्यावर पुन्हा पांढरे झाले तर जस्त. पांढरा धूर वर जाऊन नळीच्या गार भागावर बसला तर बहुधा अमोनियमचे सॉल्ट. प्लॅटिनमच्या तारेवर घेऊन ज्योतीत धरले की सोडियम सोनेरी पिवळा, कॅल्शियम विटेसारखा लाल, बेरियम पोपटी. पोटॅशियमची जांभळट ज्योत सोडियमच्या पिवळ्यात बुडून जाते म्हणून ती निळ्या काचेतून पाहायची.

खरी कसोटी त्यापुढे, ग्रुप काढताना. सॉल्टचे द्रावण करून त्यात ठरलेल्या क्रमाने एकेक अभिकारक घालायचा आणि साका कुठे पडतो ते पाहायचे. प्रयोगशाळेत साका हा शब्द कोणी वापरत नसे. ‘पीपीटी आला का?’ असेच विचारले जाई. हायड्रोक्लोरिक आम्लाने पांढरा पीपीटी आला तर पहिला ग्रुप, शिसे. नाही आला तर त्याच आम्ल द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडायचा. काळा आला तर तांबे, पिवळा आला तर कॅडमियम. तेही नाही तर अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया. लोखंडाचा तांबूस तपकिरी, ॲल्युमिनियमचा जेलीसारखा पांढरा. क्रम मोडला की सगळेच मोडले, कारण पुढच्या ग्रुपची मूलद्रव्ये आधीच्या ग्रुपमध्ये घुसतात. अमोनियम क्लोराइड घालायचा विसरला तर मॅग्नेशियमसुद्धा तिसऱ्या ग्रुपला वर येतो आणि मुलगा तासभर नसलेल्या ॲल्युमिनियमच्या मागे लागतो. हा क्रम का, याचे उत्तर विद्राव्यता गुणाकारात आणि समआयन परिणामात आहे. ते लेखी पेपरच्या धड्यात असे, आणि बहुतेकांच्या डोक्यात धडा आणि नळी यांची भेट शेवटपर्यंत होत नसे.

हायड्रोजन सल्फाइड किप्सच्या उपकरणात तयार होई. मधल्या फुग्यात फेरस सल्फाइडचे खडे, वरून सौम्य सल्फ्यूरिक आम्ल. तोटी उघडली की वायू, बंद केली की आम्ल आपोआप वर चढून क्रिया थांबते. सडक्या अंड्यांचा हा वास कपड्यांतून वसतिगृहापर्यंत जाई. वायू विषारी आहे, आणि प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणून ‘वास गेला’ ही चांगली बातमी नव्हे, हे जुने प्रयोगशाळा सहायक नव्या पोरांना आवर्जून सांगत.

हुशार मुले बऱ्याचदा उलटे काम करीत. रंग, पोत आणि एकदोन चाचण्यांवरून सॉल्ट ओळखायचे, आणि मग उत्तरपत्रिकेत निरीक्षणे शिस्तीत मागून भरायची. परीक्षकाला ते कळत नसे असे नाही. पण वर्षभर पन्नास सॉल्टे हाताळल्याशिवाय नुसत्या नजरेने झिंक कार्बोनेट आणि बेरियम कार्बोनेट वेगळे सांगता येत नाहीत, त्यामुळे ही लबाडी करायलाही रसायनशास्त्र यावे लागे.

दुसरा प्रयोग टायट्रेशनचा. बेरीज-वजाबाकीसारखा साधा दिसणारा आणि तितकाच गुण घालवणारा. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, कॉनिकल फ्लास्कमध्ये पिपेटने मोजून घेतलेले ऑक्झॅलिक आम्ल, त्यात सौम्य सल्फ्यूरिक आम्ल, आणि साठ-सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत ऊब. सुरुवातीचे थेंब रंग सोडायला वेळ घेतात, कारण क्रियेला गती देणारे मँगनीजचे आयन त्या क्रियेतूनच तयार व्हावे लागतात. एकदा झाले की पुढचा गुलाबी रंग झटक्यात विरतो. टिकणारी पहिली फिकट गुलाबी छटा म्हणजे शेवट. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवायची ती याच छटेसाठी. परमँगनेट गडद असल्याने ब्युरेटवरची पातळी इतर द्रावणांप्रमाणे खालच्या वळणावर न वाचता वरच्या कडेवर वाचतात. या एका फरकात कितीतरी मुलांचे रीडिंग हुकले आहे. तीन रीडिंगांपैकी किमान दोन जुळली की तो ‘सीबीआर’, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. गणित आधी नॉर्मॅलिटीत चाले. ऑक्झॅलिक आम्लाचा तुल्यांक ६३, म्हणून एक लिटर डेसिनॉर्मल द्रावणाला ६.३ ग्रॅम. पुढे अभ्यासक्रमाने मोलॅरिटी घेतली आणि एका पिढीचे तुल्यांक कालबाह्य झाले.

परमँगनेटची या जिल्ह्यांत आणखी एक ओळख आहे. दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कामकाज साताऱ्यातूनच वाढले. तिचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कारांची प्रात्यक्षिके दाखवत, आणि ‘मंत्राने’ पेटणाऱ्या होमात समिधांखाली परमँगनेटची पूड असे. तूप म्हणून ओतले जाई ते ग्लिसरीन. क्रिया सुरू व्हायला काही क्षण लागतात, तेवढ्यात मंत्र म्हणून होतो. ऑक्सिडीकरणाचा इतका लक्षात राहणारा धडा कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हता, आणि तो पाहायला वर्गापेक्षा मोठी गर्दी जमे.

१९७० च्या दशकात राज्याने १०+२+३ हा आकृतिबंध आणला. १९७५ साली दहावीची नवी एसएससी सुरू झाली आणि तिच्यामागोमाग बारावीची परीक्षा आली. १९६६ पासून काम करणाऱ्या राज्य मंडळाकडे ही परीक्षा गेली आणि विद्यापीठांचा हात तिथून निघाला. सातारा-सांगलीला याचा एक मोठा फायदा झाला. इंटरचा वर्ग कॉलेजच्या गावीच असे. बारावीचा वर्ग मोठ्या हायस्कुलालाही जोडता येऊ लागला, आणि पुढच्या काळात तालुक्याच्या गावांत, कधी त्याहून लहान गावांत, कनिष्ठ महाविद्यालये निघाली. एसटीचा पास काढून घरूनच सायन्स करता येऊ लागले. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळू लागल्यावर सायन्सच्या वर्गातली त्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. नुकसानही झाले, ते प्रयोगशाळेचे. कॉलेजची प्रयोगशाळा बी.एस्सी.च्या जोरावर चाले. हायस्कुलाच्या एका खोलीत गॅसच्या शेगड्या, काचसामान आणि रसायने पुरी पडणे कठीण. कित्येक ठिकाणी पंधरवड्यातून एकदा प्रॅक्टिकल आणि जर्नल मात्र भरलेले, अशी रीत पडली.

भाषेची अडचण जुनीच होती, पण आता तिचा आकडा मोठा झाला. मराठी माध्यमात दहावी झालेला मुलगा जूनमध्ये अकरावी सायन्सला बसला की सगळा विषय इंग्रजीत. शिक्षक फळ्यावर इंग्रजी लिहीत आणि तोंडाने मराठीत समजावत. परीक्षेत लिहायचे ते फळ्यावरचे. त्यामुळे अनेकांना रसायनशास्त्र मराठीत कळलेले असे आणि इंग्रजीत पाठ असे. योगायोग असा की विज्ञान मराठीत मांडण्याचा सर्वांत मोठा उद्योग याच काळात सातारा जिल्ह्यातच चालू होता. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईत मराठी विश्वकोशाचे काम चाले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. मूलद्रव्ये, संयुगे, औद्योगिक प्रक्रिया यांवरच्या त्याच्या नोंदी आजही मराठीतल्या उत्तम शास्त्रीय गद्यात मोडतात. वाईहून साताऱ्याला बसने तासभर लागतो. बारावीच्या मुलाच्या टेबलापर्यंत मात्र ते खंड क्वचितच पोचले, कारण त्यातले काही परीक्षेत येणार नव्हते.

बारावीच्या रसायनशास्त्राला आजचे वजन आले ते १९८३ नंतर. त्या वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी दिली. वसंतदादा सांगलीजवळच्या पद्माळ्याचे, आणि निर्णयाचे पडसाद त्यांच्या जिल्ह्यात लगेच उमटले. सांगलीशेजारी बुधगावला आणि इस्लामपूरजवळ साखराळ्याला त्याच वर्षी अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. पाठोपाठ १९८४ साली कऱ्हाडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आले. साखर कारखाना, सूतगिरणी, बँक आणि आता कॉलेज, असा सहकारातल्या घराण्यांचा पसारा पुरा झाला. या निर्णयावर टीका खूप झाली आणि फीच्या बाबतीत ती खोटी नव्हती. पण परीक्षेच्या इतिहासात त्याचे महत्त्व वेगळे आहे. जागा वाढल्यावर स्पर्धा कमी होईल, ही अपेक्षा होती. झाले उलटे. इंजिनिअर होणे आपल्या पोरालाही शक्य आहे हे गावोगाव कळले, आणि पूर्वी ज्या घरांनी सायन्सचा विचारही केला नसता ती घरे पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) बेरजेत उतरली. कमी फीची सरकारी जागा आणि जास्त फीची खासगी जागा यांच्यामधले अंतर एखाद्या गुणाचे असू शके, आणि त्या गुणाची किंमत रुपयांत काढता येऊ लागली.

एका गुणाला इतका भाव आला की तो मिळवून देणारा धंदा उभा राहणारच. खासगी क्लास त्याआधीही होते, पण इंग्रजी आणि गणिताचे जास्त. आता केमिस्ट्रीचे ‘सर’ स्वतंत्र झाले. सांगलीत विश्रामबागेच्या आसपास, साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरात क्लासच्या पाट्या दाटल्या. सकाळचा क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, असा दिवस ठरला. तयारीचे साधन म्हणजे सरांच्या नोट्स, आणि त्यांच्या झेरॉक्स. त्या काळी केमिस्ट्रीचे दोन पेपर असत. फिजिकल केमिस्ट्रीतली उदाहरणे, इनऑरगॅनिकमधल्या निष्कर्षणाच्या आकृत्या आणि ऑरगॅनिकमधल्या नेम्ड रिॲक्शन, यांचे ठरलेले साचे तयार झाले. कॅनिझारो, विल्यमसन, सँडमायर, वूर्ट्झ ही युरोपियन आडनावे शिराळ्यापासून फलटणपर्यंत मुलांच्या तोंडी घरच्या माणसांसारखी रुळली. परीक्षेच्या तोंडावर ‘२१ अपेक्षित’ प्रश्नसंच सोडवायचे, मागच्या पाच वर्षांचे पेपर पाहून कोणता प्रश्न ‘ड्यू’ आहे याचा अंदाज बांधायचा. हवामानाच्या अंदाजापेक्षा हे अंदाज पुष्कळदा बरे ठरत, कारण पेपर काढणारेही त्याच साच्यात वाढलेले.

लातूरच्या राजर्षी शाहू कॉलेजने याच पद्धतीला शिस्त लावली. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग चाचण्यांमागून चाचण्या घ्यायच्या. मंडळाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे वर येऊ लागल्यावर सातारा-सांगलीतल्या कॉलेजांनीही सराव परीक्षांचे वेळापत्रक छापायला सुरुवात केली. पुढे मंडळाने गुणवत्ता यादीच बंद केली, चाचण्या राहिल्या.

या सगळ्यात अभ्यासक्रमाने जिल्ह्यातल्या रसायनशास्त्राकडे जवळजवळ पाठच फिरवली, आणि हे खटकण्यासारखे आहे. तासगावचा द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रण करतो तेव्हा शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घेतो. चुना पुरेसा पडला का, हे पाहायला तो मिश्रणात विळ्याचे पाते किंवा लोखंडी खिळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे अजून मोकळे आहे आणि फवारले तर पाने करपतील, म्हणून आणखी चुना. लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढते, हा विद्युतरसायनाच्या धड्यातला विस्थापनाचा नियम. बागायतदाराचा मुलगा तो इलेक्ट्रोड पोटेन्शियलच्या तक्त्यावरून शिकतो आणि बहुतेक वेळा दोन्हींचा संबंध लावून देणारे कोणी नसते. सांगलीच्या बाजारपेठेत हळदीचा व्यापार देशात गाजलेला, आणि हळदीतले कर्क्युमिन अल्कधर्मी द्रावणात पिवळ्याचे लालसर होते. हळद आणि चुन्यापासून कुंकू होते ते यामुळेच. साखर कारखान्यात उसाच्या रसात चुना आणि सल्फर डायऑक्साइड सोडून मळी वेगळी काढतात. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात सल्फर डायऑक्साइडच्या उपयोगांत साखरेच्या शुद्धीकरणाचा उल्लेख होता. वाळव्याचा किंवा कऱ्हाडचा मुलगा ती ओळ पाठ करी, आणि फेब्रुवारीत अभ्यासाला बसे तेव्हा गळीत हंगाम चालू असे. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या किती तरी मुलांनी पुढे याच कारखान्यांच्या प्रयोगशाळेत ब्रिक्स आणि पोल ही रसाच्या प्रतीची मापे काढत नोकरी केली. परीक्षेने त्या नोकरीची वाट कधी दाखवली नाही; तिचे बोट कायम मेडिकल आणि इंजिनिअरिंगकडे होते.

शतकाच्या अखेरीस लेखी उत्तराचेही महत्त्व ओसरले. वैद्यकीय प्रवेशासाठी १९९९ पासून राज्याची सीईटी आली, काही वर्षांनी अभियांत्रिकीसाठीही. त्यानंतरचा काळ धरसोडीचा आहे. २०१३ साली नीट झाली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. २०१४ आणि २०१५ साली राज्यातले अभियांत्रिकी प्रवेश जेईई मेन आणि बारावीचे गुण मिळून झाले, २०१६ पासून पुन्हा एमएचटी-सीईटी. त्याच २०१६ च्या एप्रिल-मेमध्ये नीट परत आली. सीईटीची तयारी केलेल्या मुलांचे काय, या प्रश्नावर केंद्राला अध्यादेश काढावा लागला आणि राज्यांना त्या एका वर्षापुरती सूट मिळाली. पुढच्या वर्षापासून वैद्यकीयला नीट आणि अभियांत्रिकीला सीईटी ही घडी बसली.

आज बारावीच्या केमिस्ट्रीचा लेखी पेपर ७० गुणांचा आणि प्रॅक्टिकल ३० गुणांचे आहे. बालभारतीच्या सध्याच्या पुस्तकात सॉलिड स्टेटपासून ग्रीन केमिस्ट्रीपर्यंत १६ प्रकरणे आहेत. पेपरात एक गुणापासून चार गुणांपर्यंतचे प्रश्न, आणि मोठ्या प्रश्नांत निवडीला भरपूर वाव. एमएचटी-सीईटीत केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, फिजिक्ससह १०० प्रश्नांना ९० मिनिटे, आणि चुकीला दंड नाही. नीटमध्ये केमिस्ट्रीचे ४५ प्रश्न आणि १८० गुण. बरोबरला चार, चुकीला एक वजा. या तीन परीक्षांचा स्वभाव वेगळा आहे. बारावीला पायऱ्या दाखवाव्या लागतात. सीईटीला वेग लागतो. न आलेल्या प्रश्नालाही उत्तर मारून येणे हाच शहाणपणा. नीटमध्ये तोच शहाणपणा अंगाशी येतो. शिवाय बारावी आणि सीईटी राज्याच्या पुस्तकावर, नीट एनसीईआरटीवर. दोन्ही पुस्तकांत रसायनशास्त्र एकच असले तरी वाक्ये वेगळी आहेत, आणि नीटचे कित्येक प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यांना चिकटून येतात. त्यामुळे डॉक्टर व्हायचे ठरवलेला मुलगा बालभारतीचे पुस्तक जानेवारीपर्यंत उघडत नाही आणि मग दीड महिन्यात उरकतो.

शहरांतून आलेली ‘इंटिग्रेटेड’ पद्धत दोन्ही जिल्ह्यांत रुजली आहे. प्रवेश कनिष्ठ महाविद्यालयात, शिकवणी क्लासमध्ये, आणि हजेरीचा हिशेब दोघांत मिळून. पुण्याला, लातूरला किंवा थेट कोट्याला जाणारेही आहेत. इंटरच्या काळात मुलगा कॉलेजसाठी घर सोडत असे. आता कॉलेज घराजवळ आले आणि तो क्लाससाठी घर सोडतो.

प्रॅक्टिकल टिकून आहे, पण त्याचा दरारा गेला. अभियांत्रिकीसाठी बारावीला पीसीएममध्ये ४५ टक्के, आरक्षित गटांना ४० टक्के गुण पुरतात. त्यापुढे प्रवेश सीईटीच्या क्रमांकावर. तेव्हा ३० पैकी २८ मिळाले की २९, याने काही बिघडत नाही, आणि गुण मोकळ्या हाताने दिले जातात. फेब्रुवारीत बाहेरचे परीक्षक येतात, व्हायवात ‘पिपेट का फुंकायचे नाही?’ यासारखे जुने प्रश्न विचारतात, जर्नलवर सही होते. सॉल्ट ॲनालिसिस अभ्यासक्रमात आहे. वर्षभरात ते दोन-चार सॉल्टांवर भागवले जाते, आणि पांढऱ्या पुडीत नेमके काय हे नजरेने सांगण्यापेक्षा आताची मुले नीटच्या प्रश्नसंचातल्या ‘तपकिरी वलय कशामुळे?’ याचे उत्तर लवकर देतात.

भाषेच्या बाबतीत एक उलटापालट झाली आहे. एमएचटी-सीईटीचा केमिस्ट्रीचा पेपर मराठीतही मिळतो. नीट २०१७ पासून मराठीत देता येते, जेईई मेन २०२१ पासून. ज्या परीक्षेत एक ओळही लिहायची नसते, ती मराठीत उपलब्ध आहे. आणि बारावीचा सायन्सचा पेपर, ज्यात उत्तर स्वतःच्या वाक्यांत लिहायचे असते, तो दोन्ही जिल्ह्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत इंग्रजीतच लिहिला जातो.